आधी सांगा, भरायचं काय?

दोन मोठे सेल, हातभर लांबीची प्लास्टिकची दांडी, तळाशी बारीक जाळी आणि वरून निघालेली पारदर्शक नळी. असा पंप आता हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून बसलेल्या विक्रेत्याकडे मिळतो आणि ऑनलाइन तर ढिगाने मिळतो. किंमत दोनशे ते पाचशे रुपयांच्या घरात. खोक्यावर बहुधा तीन-चार चित्रं एका ओळीत छापलेली असतात. त्यांत माशांची काचेची टाकी, पिण्याच्या पाण्याचा जार, मोटार आणि इंधनाचा लाल कॅन हमखास असतात. हे सगळं एकाच पंपाने करा, असं ते खोकं सांगतं. गिऱ्हाईक विचारतं की मिनिटाला किती लिटर ओढतो, आणि दुकानदार आकडा सांगतो. लिटर कशाचे, हे मात्र दोघांपैकी कुणीच काढत नाही. या वस्तूबद्दलच्या तक्रारी आणि अपघातांचं मूळ शोधायला गेलं, तर बहुतेक वेळा याच न विचारलेल्या प्रश्नापाशी येऊन थांबावं लागतं.

बाजारात बॅटरीवरचा पंप म्हणून जे विकलं जातं त्याचे ढोबळ चार प्रकार पडतात. पहिला वर सांगितलेला दोन सेलचा. दुसरा वीस लिटरच्या जारच्या तोंडावर बसणारा, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा, बटण दाबलं की पेल्यात धार सोडणारा. तिसरा बारा व्होल्टचा बुडीत पंप: मनगटाएवढ्या जाडीचा धातूचा नळकांडा, मागे लांब वायर आणि टोकाला बॅटरीला लावायचे दोन चिमटे. ट्रॅक्टरवाले, जेसीबीवाले आणि जनरेटर सांभाळणारे यांच्याकडे हा हमखास दिसतो. चौथा म्हणजे फवारणी पंपातली छोटी मोटर. खेड्यात नुसतं 'बॅटरी पंप' म्हटलं तर दुकानदार हा पाठीवरचा सोळा लिटरचा पंपच पुढे करतो. त्याची टाकी फुटली की आतली बारा व्होल्टची मोटर लोक काढून ठेवतात आणि पुढे ती कशालाही जोडतात.

आधी ताकदीचा हिशेब करू, कारण इतक्या लहान सेलवर हे चालतं कसं असा प्रश्न अनेकांना पडतो. वीस लिटर पाणी एक मीटर वर उचलायला साधारण दोनशे ज्यूल ऊर्जा लागते. दोन साध्या मोठ्या सेलमधून, ते फार दमले नसतील तर, पंचवीस हजार ज्यूल तरी निघतात. पंपाची कार्यक्षमता अगदी दहा टक्के धरली तरी दहा-बारा कॅन रिकामे व्हायला हरकत नाही. म्हणजे अडचण ऊर्जेची नाही, उंचीची आहे. बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा पंखा द्रवाला मीटर-सव्वा मीटरच्या वर फारसा रेटू शकत नाही. तेवढ्या उंचीवर धार बारीक होते, मग थांबते, आणि मोटर नुसतीच गुरगुरत राहते. जमिनीवरच्या टिपाडातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला हा पंप आणणाऱ्याचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

शिवाय बऱ्याच वेळा पंप स्वतः फार काही करतही नसतो. कॅन उंचावर आणि टाकी खाली असेल तर नळी एकदा भरली की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. अर्धा मीटर उतार आणि दहा मिलिमीटर आतल्या व्यासाची दीड मीटर नळी असेल, तर घर्षण धरूनही मिनिटाला सहा-सात लिटर आपोआप वाहतात. सेल लागतात ते फक्त पहिली धार सुरू करायला. म्हणूनच पंप बंद केला तरी डिझेल थांबत नाही आणि नवखा माणूस गोंधळतो. टाकी भरून वाहू लागते आणि तो बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतो. बऱ्या पंपाच्या डोक्यावर हवा आत सोडायची एक छोटी चकती किंवा स्क्रू असतो; तो सैल केला की नळीत हवा शिरते आणि धार तुटते. खरेदी करताना ही चकती आहे का, हे मिनिटाच्या लिटरांपेक्षा आधी पाहावं. नसेल तर नळीचं टोक झटकन कॅनच्या पातळीच्या वर उचलायचं, एवढाच उपाय उरतो.

पहिली धार सुरू करण्याचं हे काम आपल्याकडे वर्षानुवर्षं तोंडाने होत आलं आहे. नळी टाकीत घालायची, ओढायची आणि तोंडाशी यायच्या आत बाजूला करायची. गॅरेजमधली पोरं हे सराईतपणे करतात, आणि सराईत माणसाच्याही तोंडात कधीतरी घोट जातोच. पेट्रोल, रॉकेल, डिझेल पोटात जाण्यापेक्षा श्वासनलिकेत जाणं जास्त घातक. अगदी थोडं पेट्रोल फुप्फुसात उतरलं तरी तिथे पातळ थरासारखं पसरतं आणि रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. घरचा ठरलेला उपाय म्हणजे मीठ घातलेलं पाणी पाजून उलटी काढणं. तो इथे उलटाच पडतो, कारण वर येताना तेच इंधन पुन्हा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. उलटी करवू नये, सरळ दवाखाना गाठावा. या एका कारणासाठी स्वस्तातल्या स्वस्त पंपाचीही मी बाजू घेईन. नळी तोंडाला लावण्यापेक्षा दोनशे रुपयांचं प्लास्टिक केव्हाही बरं.

आता प्रश्न असा की हा पंप मुळात कुणी कशासाठी केला. जपानमध्ये हिवाळ्यात घराघरांत रॉकेलवर चालणारे हीटर असतात. रॉकेल अठरा लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमधून आणायचं आणि हीटरच्या छोट्या टाकीत ओतायचं, हा तिथला रोजचा उद्योग. त्यासाठी आधी हाताने दाबायचा लाल फुग्याचा पंप आला आणि पुढे सेलवर चालणारा. टाकी भरली की आपोआप थांबणारे प्रकारही तिथे सर्रास मिळतात. ही जन्मकथा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथल्या घरगुती रॉकेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, ४० अंश सेल्सिअसच्या खाली नसतो. थंडीतल्या खोलीत ते रॉकेल पेटण्याइतकी वाफ सोडतच नाही. अशा द्रवासाठी उघड्या ब्रशची साधी मोटर चालून जाते.

पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे चाळिसाच्या आसपास आहे. महाबळेश्वरच्या डिसेंबरातही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतच असतं. ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती वर उडून न जाता कॅनच्या तोंडावरून ओघळते आणि फरशीवर पसरते. हवेत तिचं प्रमाण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असलं की पाव मिलिज्यूल एवढीशी ठिणगी पुरते. स्वस्त पंपातल्या मोटरमध्ये कार्बनचे किंवा पत्र्याचे ब्रश फिरत्या तांब्यावर घासतात आणि तिथे सतत सूक्ष्म ठिणग्या पडतात. अंधारात मोटर उघडून पाहिली तर निळसर ठिपके डोळ्यांनी दिसतात. काही पंपांत ही मोटर डोक्यात सेलजवळ असते, काहींत तळाशी पंख्याला लागून. तळाशी असेल तर ती द्रवात बुडालेली असते आणि तिथे हवा नसल्यामुळे बहुतेक वेळा काही होत नाही. घात होतो तो कॅन संपत आल्यावर, जेव्हा तळ उघडा पडतो आणि वाफ व हवा दोन्ही मोटरभोवती जमतात. 'मी किती वेळा पेट्रोल काढलं, काही झालं नाही' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, तो प्रत्येक वेळी तळ उघडा पडायच्या आधी थांबलेला असतो, एवढंच.

म्हणून पेट्रोलच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. ज्या पंपावर ज्वालारोधक बांधणीची मान्यता नाही, तो पेट्रोलला लावू नये. दोन सेलच्या कुठल्याच पंपावर ती नसते, खोक्यावर कॅनचं चित्र कितीही मोठं असो. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. ते काही रबरांना फुगवतं, काहींना ठिसूळ करतं आणि हवेतलं पाणी शोषतं. स्वस्त पंपाचं सील कुठल्या रबराचं आहे हे खोक्यावर कधीच लिहिलेलं नसतं.

कायदाही इथे अनेकांना वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालचे २००२ चे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, पण काच किंवा चिनी मातीचं भांडं असेल तर एक लिटरपर्यंतचं आणि धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचं, घट्ट बुचाचं. प्लास्टिकचा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे गाडीच्या डिकीतला पाण्याच्या बाटलीतला 'इमर्जन्सी' लिटर या सवलतीत बसत नाही. डिझेल दुसऱ्या वर्गात मोडतं आणि त्याला सवलत बरीच मोठी आहे: एकूण अडीच हजार लिटरपर्यंत, फक्त कुठलंही एक भांडं हजार लिटरपेक्षा मोठं नको. शेतकऱ्याने दोन-तीन बॅरल ठेवले तर परवाना लागत नाही तो यामुळे.

खरा उपयोग आहे तो इथे, डिझेलमध्ये. रानात ट्रॅक्टर उभा आहे आणि पस्तीस लिटरचा कॅन दुचाकीवरून आणलाय. डिझेल भरलेला तो कॅन तीस किलोच्या आसपास भरतो. तो बॉनेटच्या उंचीवर धरायचा, नरसाळ्यात ओतायचा, आणि कॅनच्या तोंडातून हवा आत शिरताना येणारे गचके सांभाळायचे. पाव-अर्धा लिटर बाहेर सांडतं आणि नरसाळ्यावरची धूळ आत जाते. बारा व्होल्टचा बुडीत पंप हे काम ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर तीन-चार मिनिटांत करतो. अडतीस मिलिमीटर जाडीचा पंप मिनिटाला बारा लिटरच्या आसपास आणि एक्कावन्न मिलिमीटरचा तीस लिटरच्या आसपास देतो असं विकणारे सांगतात. प्रत्यक्षात लांब नळी आणि गळलेली बॅटरी असली की यातला चांगलाच भाग कमी होतो, तरी काम होतं. हा पंप कोरडा चालवला की गेलाच समजायचा. त्याचं वंगण आणि थंडावा दोन्ही त्याच्याभोवतीच्या डिझेलातूनच येतात. चिमटे लावताना बॅटरीपाशी ठिणगी उडतेच, म्हणून कॅन आणि बॅटरी यांच्यात वायर पुरेल तेवढं अंतर ठेवावं, आणि चिमटे आधी जोडून, मग पंपाच्या वायरवरच्या बटणाने सुरू करावं. वायरवर बटण नसेल तर ते बसवून घ्यावं.

डिझेल पेटत नाही, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. युरोपात डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ५५ अंश लागतो. भारतीय मानक किमान ३५ अंशांवर समाधान मानतं. सगळंच डिझेल इतक्या खालचं नसतं, पण परदेशी माहितीपत्रकातला 'डिझेलला धोका नाही' हा निर्वाळा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, आणि उन्हात ठेवलेला काळा कॅन त्याहून तापतो. त्या कॅनच्या तोंडाशी असलेली वाफ निरुपद्रवी असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. भरणं सकाळी किंवा संध्याकाळी, सावलीत, आणि बिडी लांब. त्यातच आजचं कमी गंधकाचं डिझेल विजेचं वहन फार कमी करतं, त्यामुळे नळीतून वेगाने वाहताना साचलेला स्थिर विद्युतभार लवकर जात नाही. कॅन ट्रॉलीतल्या प्लास्टिकवर ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरावा, आणि नळीचं टोक वरून धार सोडत न धरता तळाला टेकवावं.

यापुढचं नुकसान आगीसारखं दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. एकच पंप पाण्यालाही आणि डिझेललाही वापरण्याची सवय. बीएस-६ डिझेलमध्ये पाण्याची मर्यादा किलोला दोनशे मिलिग्रॅम आहे. वीस लिटर डिझेल म्हणजे साधारण साडेसोळा किलो. त्यात चालण्यासारखं पाणी तीन-साडेतीन ग्रॅम, एक चहाचा चमचाही नाही. आता त्या पंपाची नळी बघा. दहा मिलिमीटर व्यासाच्या मीटरभर नळीत अठ्ठ्याहत्तर मिलिलिटर पाणी मावतं. काल पाणी काढून आज ती झटकून डिझेलात घातली आणि दहावा हिस्सा जरी आत चिकटून राहिला, तरी मर्यादा दुपटीने ओलांडली जाते. कॉमन रेल इंजिनाच्या इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. तिथे पाणी आणि गंज पोचला की होणारा खर्च या पंपाच्या किमतीच्या शंभरपट तरी असतो, आणि मेकॅनिक दोष पेट्रोलपंपाच्या डिझेलला देतो. कॅनच्या तळाशी असलेला गाळही हेच करतो. नळीचं टोक दोन बोटं वर राहील अशी खूण करून ठेवली तर अर्धी कटकट वाचते.

नव्या ट्रकवाल्यांनी यात तिसरा द्रव आणला आहे: धूर साफ करण्यासाठी लागणारं युरियाचं द्रावण. बादलीतून टाकीत घालायला लोक डिझेलचाच पंप उचलतात. या द्रावणात पितळ आणि तांबं विरघळून त्याची शुद्धता जाते, आणि उलट दिशेने युरिया डिझेलात गेला तर इंजेक्शनची सगळी यंत्रणा खोलावी लागते. त्याला वेगळा पंप, वेगळी नळी, यावर तडजोड नाही.

उलट्या दिशेने, म्हणजे डिझेलचा पंप पाण्याला, हे तर बोलायलाच नको. डिझेलचे काही थेंब पिंपभर पाण्याला वास लावतात. पण फवारणी पंपाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण कीटकनाशकाचा वास येईलच असं नाही. त्या छोट्या मोटरच्या पडद्याच्या घड्यांत, झडपांत, प्रेशर स्विचच्या खोबणीत औषध साचून राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा चर्चा अंगावर आणि श्वासात गेलेल्या औषधाची झाली. तीच मोटर काढून घरच्या पिण्याच्या टिपाडाला लावणारी घरं मात्र त्या चर्चेत आली नाहीत. मोटर कितीही धुतली तरी ती पिण्याच्या पाण्याला नकोच. जनावरांच्या हौदालाही नको. कूलरमध्ये पाणी भरायलाही नको, कारण त्याचे तुषार घरभर उडतात.

जारचा पंप या सगळ्यांत सगळ्यात निरुपद्रवी आणि, माझ्या मते, सगळ्यात उपयोगी. भरलेला जार एकवीस किलोच्या आसपास असतो. तो उचलून स्टँडवर उलटा करणं सत्तरीच्या माणसाला जमत नाही आणि जमवू नये. हा पंप जार जमिनीवरच राहू देतो. मिनिटाला लिटर-सव्वा लिटर देतो, एका चार्जिंगवर दोन-चार जार जातात, आणि बिघडला तरी कुणाला इजा होत नाही. त्रास एकच: आतली सिलिकॉनची नळी. जार बदलताना ती फरशीवर टेकते, ओट्यावर पडते, आणि तशीच नव्या जारमध्ये जाते. दोन-तीन आठवड्यांनी आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागतो. कोमट पाण्यात थोडं ब्लीच घालून नळी आणि तोटी धुवावी, नीट खळबळावी, आणि दर काही महिन्यांनी नळी बदलावी. ती सुट्टी मिळते आणि स्वस्त असते. मानकाप्रमाणे सीलबंद जार घ्यायचा आणि मग त्यात बुळबुळीत नळी घालायची, हा आपला मासला आहे.

नळीकडे दुर्लक्ष करणं ही एकूणच या वस्तूच्या खरेदीतली मोठी चूक. सोबत येणारी पारदर्शक नळी साध्या पीव्हीसीची असते. इंधन तिच्यातला मऊपणा आणणारा घटक शोषून घेतं. एखाद्या हंगामात ती काडीसारखी कडक होते, जोडापाशी तडकते आणि भर कामात सुटते. डिझेलला नायट्राइल रबराची इंधनाची नळी ऑटोच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. क्लिप लावून ती बसवावी. पाण्याला खाद्यदर्जाची सिलिकॉन. ज्याला रंग कळतात त्याने डिझेलच्या नळीला लाल पट्टी आणि पाण्याच्या नळीला निळी पट्टी मारून टाकावी. घरात दुसरा कुणी वापरणार असेल तर हीच पट्टी कामाला येते.

सेल वापरून झाले की काढून ठेवावेत, नाहीतर पावसाळ्यानंतर खण उघडला की पांढरा-हिरवा थर चढलेला असतो आणि स्प्रिंग तुटलेली असते. मोटर जळाली तर दुरुस्तीच्या नादी कुणी लागत नाही. सुट्टी मोटर मिळाली तरी तळाचं सील पुन्हा तसं बसत नाही.

ज्यांच्याकडे महिन्याला बॅरलभर डिझेल लागतं, त्यांनी या सगळ्या बॅटरीवाल्या पंपांआधी हाताने फिरवायचा बॅरल पंप बघावा. बॅरलच्या तोंडात आट्यांवर बसणारा, बिडाचा, एका फेऱ्यात पाव लिटरच्या आसपास देणारा. किंमत दोन सेलच्या पंपाच्या चार-पाच पट, ठिणगीचा प्रश्न नाही, सेलचा नाही, आणि गावातला लोहारही त्याची पानं बदलून देतो. पेट्रोल काढायची वेळच आली, तर बोटीच्या इंजिनाला असतो तसा रबरी फुगा बसवलेली इंधनाची नळी घ्यावी; दोन-तीनदा दाबली की धार सुरू होते. आणि रस्त्यात पेट्रोल संपलेल्या दुचाकीसाठी ढकलत जवळच्या पंपापर्यंत जाणं, किंवा धातूच्या डब्यातून आणणं, हे दोनच मार्ग आहेत. बाटलीत पेट्रोल मिळणार नाही, अशी पाटी तिथे लावलेली असतेच.